कुणग्याच्या मापाचे यंत्र

गोमंतकाचा इतिहास आपण बहुधा राजवटींच्या क्रमाने वाचतो. कदंब, बहामनी, विजयनगर, आदिलशाही, पोर्तुगीज आणि १९ डिसेंबर १९६१ची मुक्ती, असा तो शाळेपासून पाठ होतो. या राजवटी आल्या आणि गेल्या, पण पेडण्याच्या किंवा डिचोलीच्या शेतात चालणारा लाकडी नांगर काही बदलला नाही. जू, हळस, रुमणे आणि फाळ ही त्याची अंगे पिढ्यान्‌पिढ्या तशीच राहिली. तो शेतातून हटला तो मुक्तीनंतरच्या तीस-चाळीस वर्षांत. त्याला हटवणाऱ्याची नोंद मात्र कोणत्याही बखरीत नाही, कारण तो कोणी सेनापती नव्हता. बारा-पंधरा अश्वशक्तीचे, बुटके आणि कानठळ्या बसवणारे ते एक यंत्र होते.

आधी दोन चाकांचा पॉवर टिलर आला आणि त्याच्या मागून चार चाकांचा लहान ट्रॅक्टर. ही दोन्ही यंत्रे आज आपल्याला इतकी सवयीची झाली आहेत की त्यांनाही काही इतिहास असेल असे वाटत नाही. तो आहे, आणि या दोन तालुक्यांपुरता पाहिला तरी फार बोलका आहे. आपल्याकडे लहानच यंत्र का रुजले, मोठे का नाही, आणि लहान यंत्र येऊनही अनेक कुणगे पडीक का राहिले, या प्रश्नांची उत्तरे त्या इतिहासात सापडतात.

मेर आणि कुणगा

पेडणे हा तेरेखोल आणि शापोरा या दोन नद्यांमधला तालुका. डिचोलीत वाळवंटी आणि डिचोली या नद्या वाहतात आणि दक्षिणेला मांडवी आहे. हे दोन्ही तालुके नव्या काबिजादीतले, म्हणजे सावंतवाडीकरांच्या सत्तेतून १७८०च्या दशकात पोर्तुगिजांकडे गेलेले. त्यामुळे इथल्या घरांचे सोयरेसंबंध, बाजारहाट आणि भाषा घाटाखालच्या वाडी-बांद्याशी जोडलेली राहिली, आणि शेतीचे शब्दही दोन्हीकडचे एकमेकांत मिसळले.

जमिनीचे प्रकार आपल्या वाडवडिलांना तोंडपाठ असत. उंचावरचे मरड, तिथे पावसावरचे एकच पीक. त्याखाली केर. नदीकाठी बांध घालून आणि मानशीने भरतीचे पाणी अडवून मिळवलेले खाजन. पावसाळ्यातले पीक ते सरद आणि पाण्याची सोय असेल तिथे हिवाळ्यातले ते वायंगण. या सगळ्यांत समान असलेली गोष्ट म्हणजे मेर. उतारावर पाणी थांबवायचे तर जमीन पायऱ्यापायऱ्यांनी सपाट करावी लागते आणि प्रत्येक पायरीला मेर घालावी लागते. मेरांनी बांधलेला असा एक तुकडा म्हणजे कुणगा. त्याची रुंदी माणसाने ठरवलेली नाही, डोंगराच्या उताराने ठरवली आहे. उतार जितका तीव्र, तितका कुणगा अरुंद.

अशा कुणग्यात बैलजोडी आणि लाकडी नांगर हीच सोयीची अवजारे होती. नांगर खांद्यावर टाकून माणूस एका मेरेवरून दुसऱ्या मेरेवर जाई आणि बैल त्याच्या मागून जात. पण या सोयीची किंमत मोठी होती. साधे गणित करून पाहू. नांगराचे तास सहा इंच रुंद धरले, तर एक एकर शेत एकदा नांगरायला माणसाला सव्वीस-सत्तावीस किलोमीटर चालावे लागते. पणजीहून पायी निघून जवळजवळ पेडणे गाठण्याइतकी ही चाल झाली, आणि तीही घोटाभर चिखलात, रुमणे दाबून धरून. भाताला एका नांगरटीने भागत नाही. उभी, आडवी, मग चिखलणी आणि मग सपाटी. लावणीच्या दिवसांत पुरुषांचे पाय आणि बायकांच्या कंबरा का मोडत, ते या आकड्यांवरून कळते.

बेळगावचा फाळ आणि मोठा ट्रॅक्टर

अवजार सुधारण्याची धडपड आपल्या सीमेलगतच सुरू झाली होती. बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमिनीत विष भिनते अशी समजूत त्या काळी होती आणि पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली, ही हकीकत मराठी वाचकाला ठाऊक आहे. पुढे १९१०मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि देशावरच्या काळ्या जमिनीत तो नांगर घरोघर गेला. परंतु ते अवजार देशावरच्या शेताचे होते. तिथे हरळी-कुंद्याने धरलेली जमीन खोल फोडायची असे आणि त्यासाठी बैलांच्या अनेक जोड्या एकापुढे एक जुंपता येत. पेडण्याच्या कुणग्यात चार जोड्या जुंपल्या तर पुढचे बैल शेजाऱ्याच्या शेतात जातील. शिवाय भातशेतीला फार खोल नांगरटीची गरजही नसते. चिखलाखालचा घट्ट थर फुटला तर पाणी खाली झिरपून जाते आणि शेत कोरडे पडते.

मोठ्या ट्रॅक्टरची अडचणही याच जातीची. शेतीच्या आधुनिक ट्रॅक्टरला रूप दिले ते आयर्लंडमधल्या हॅरी फर्ग्युसन या कल्पक माणसाने. अवजार ट्रॅक्टरमागे साखळीने ओढत न्यायचे नाही, तर तीन सांध्यांनी त्याला जोडून टाकायचे आणि तेलाच्या दाबाने उचलायचे, ही त्याची योजना. तिचे पेटंट त्याने १९२६मध्ये घेतले आणि १९३९मध्ये हेन्री फोर्डच्या कारखान्यातून त्या पद्धतीचा ट्रॅक्टर बाहेर पडला. नांगराचा भार ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर येत असल्याने हलके यंत्रही जोराने ओढू लागले. आजचा कोणताही ट्रॅक्टर, लहान असो वा मोठा, मागून पाहिला की हे तीन सांधे दिसतात.

भारतात ट्रॅक्टर बनू लागले ते १९५९पासून. त्या वर्षी आयशरचा पहिला ट्रॅक्टर फरीदाबादेत तयार झाला. मग टॅफे, महिंद्र, एस्कॉर्ट्‌स यांचे आले, आणि १९७४मध्ये पंजाबातून स्वराज आला. हरितक्रांतीच्या गव्हाला ही यंत्रे मानवली. तीस-पस्तीस अश्वशक्तीचा असा ट्रॅक्टर पावणेदोन टनांच्या आसपास भरतो. लुधियान्याच्या सपाट शेतात हे वजन उपयोगी, कारण त्यामुळे चाक घसरत नाही. खाजनाच्या चिखलात मात्र तेच वजन यंत्राला आसापर्यंत खाली घेऊन जाते. वरच्या कुणग्यांत त्याला वळायला जागा नाही, आणि पोचायचे तर चार शेजाऱ्यांच्या मेरा फोडाव्या लागतात. मुक्तीनंतर शेतकी खात्याने ट्रॅक्टर भाड्याने देण्याची सोय केली, तरी रस्त्यालगतच्या सलग जमिनी सोडल्या तर त्यांचा संचार फारसा होऊ शकत नव्हता.

शिरगावची माती, जपानचे यंत्र

येथे कथेला एक विलक्षण वळण मिळते. डिचोली तालुक्यातल्या लोकांनी प्रचंड यंत्रे पाहिली ती शेतात नव्हे, खाणीवर. गोव्याच्या लोहखनिजाची नियमित निर्यात १९४७च्या सुमारास सुरू झाली. प्रारंभी माती पाटीने उचलली जाई. महायुद्धातून सावरणाऱ्या जपानच्या पोलाद कारखान्यांना खनिज हवे होते. १९५०च्या दशकाच्या आरंभी चौगुले कंपनी आणि जपानी कंपनी यांच्यात करार झाला. जपानने यंत्रसामग्री द्यायची आणि तिची फेड खनिजाने करायची, असे त्याचे स्वरूप. त्यातून शिरगावची खाण यांत्रिक झाली. श्री लईराईच्या जत्रेसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावात डोंगर खणणारी अजस्र यंत्रे आली आणि इथली लाल माती जहाजात बसून जपानला निघाली.

त्याच जपानमध्ये त्याच वर्षांत दुसरे एक यंत्र घरोघर जात होते, आणि ते इतके लहान होते की एकटा माणूस दोन मुठींनी त्याला आवरू शके. फिरत्या पात्यांनी जमीन भुसभुशीत करण्याची कल्पना मूळची जपानची नाही. स्वित्झर्लंडच्या कोनराड फॉन मायेनबुर्गने १९१०च्या सुमारास तशा यंत्राचे पेटंट घेतले. ऑस्ट्रेलियात आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड या तरुणाने १९१२मध्ये वडिलांच्या शेतावर प्रयोग केले आणि पुढे १९२०मध्ये आपल्या यंत्राचे पेटंट मिळवले. रोटावेटर हा शब्द हॉवर्डच्याच घराण्यातला. पण ही कल्पना भाताच्या चिखलात उतरवली ती जपान्यांनी.

त्यामागे एक सामाजिक कारण होते. युद्धानंतर १९४६ ते १९५० या काळात जपानमध्ये जमीन सुधारणा झाली आणि कुळे मालक बनली. बहुतेकांच्या वाट्याला हेक्टरभर किंवा त्याहून कमी जमीन. स्वतःच्या जमिनीवर खर्च करायला शेतकरी तयार झाला, पण त्याला हवे होते ते हेक्टरभर जमिनीच्या मापाचे यंत्र. कारखानदारांनी ते दिले. १९५५ साली जपानमध्ये पॉवर टिलरची संख्या लाखाच्या आत होती. १९६०पर्यंत ती पाच लाखांवर गेली आणि आणखी पाच वर्षांत पंचवीस लाखांच्या घरात पोचली. मग कुबोटा कंपनीने १९६०मध्ये पंधरा अश्वशक्तीचा चारचाकी ट्रॅक्टर काढला, आणि १९७०च्या दशकाच्या आरंभी त्याहून लहान, चारही चाकांना गती असलेले ट्रॅक्टर. भातखाचरासाठी जन्मलेले हे बुटके यंत्र पुढे अमेरिकेत गेले आणि तिथे घरामागच्या अंगणाचे गवत कापू लागले, बर्फ ढकलू लागले. एकच यंत्र, पण एका देशात पोटापाण्याचे साधन आणि दुसऱ्या देशात हौशी बागकाम्याचा सोबती.

म्हणजे डिचोलीने जपानशी जो व्यवहार केला त्यात मोठे यंत्र आधी मिळाले, आणि ते जमीन खणणारे होते. जमीन पिकवणारे लहान यंत्र पुढे कर्नाटक आणि केरळच्या वाटेने आले. बंगळुरात १९६७मध्ये स्थापन झालेल्या व्हीएसटी कंपनीने मित्सुबिशीच्या सहकार्याने टिलर बनवायला घेतले. केरळ सरकारची कॅम्को ही कंपनी १९७३ची, तिचा टिलर कुबोटाच्या धाटणीचा. दोन्ही राज्ये भाताची आणि लहान तुकड्यांची, म्हणून त्यांचे यंत्र आपल्या कुणग्यात चपखल बसले.

कसेल त्याची जमीन

पण यंत्र बाजारात असणे आणि ते शेतात उतरणे यांत अंतर असते. जपानमध्ये आधी हक्क आला आणि मग यंत्र. गोव्यातही क्रम तोच आहे, आणि आपल्या इतिहासाचा गाभा मला यातच दिसतो.

मुक्तीच्या वेळी इथला बहुसंख्य शेतकरी कूळ होता. जमीन भाटकाराची, मोकासदाराची, देवस्थानाची किंवा गावकरीची. भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारच्या काळात १९६४चा कूळ कायदा झाला. त्याने कुळाला संरक्षण दिले आणि खंडाची मर्यादा पिकाच्या एक-षष्ठांशावर आणली. पुढे शशिकला काकोडकर मुख्यमंत्री असताना १९७६मध्ये त्या कायद्याला पाचवी दुरुस्ती झाली आणि २० एप्रिल १९७६ या दिवसापासून कूळ हाच मालक मानला जाऊ लागला. ज्याला उद्या उठवले जाण्याची भीती आहे तो मेर दुरुस्त करील, पण यंत्रासाठी कर्ज काढणार नाही. ती भीती कायद्याने दूर केली. फॉर्म एक व चौदाच्या उताऱ्यावर नाव लागले, की बँकेचा साहेब बोलायला तयार होई. सावंतवाडीच्या सोयऱ्याला सातबाऱ्याचे जे महत्त्व, तेच आपल्याला या उताऱ्याचे.

ज्यांचे नाव लागले नाही त्यांची गोष्टही याच इतिहासात येते. डिचोली तालुक्यातले मये गाव पोर्तुगीज काळात काउंट पदवीच्या घराण्याकडे होते. मुक्तीनंतर ते मालक निघून गेले आणि १९६४च्या कायद्याखाली गावाची जमीन स्थलांतरितांची मालमत्ता म्हणून सरकारी ताब्यात आली. पिढ्यान्‌पिढ्या कसणारे लोक तिथेच, पण कागद त्यांच्या नावावर नाही. या पेचातून सोडवणारा कायदा विधानसभेने केला तो २०१४मध्ये, म्हणजे पन्नास वर्षांनी. तारण ठेवायला कागद नसलेल्या शेतकऱ्याला यंत्राच्या कर्जाची वाट किती लांब असेल, हे वेगळे सांगायला नको.

ज्यांना शक्य झाले त्यांनी टिलर घेतले, आणि स्वतःचे शेत उरकून शेजाऱ्यापाजाऱ्यांची शेते तासाच्या भाड्याने नांगरून देऊ लागले. गावात एक टिलर आला की दोन-तीन वर्षांत दहा-वीस घरांचे गोठे रिकामे होत. वर्षभर बैलजोडी पोसायची ती पंधरा दिवसांच्या नांगरटीसाठी, हा हिशेब घराघरांत मांडला गेला. बैल गेले तसे शेणखतही गेले, मळणीचे खळेही गेले. पाडव्याच्या दिवशी ज्या गळ्यात फुलांच्या माळा पडत, त्या दावणीला उरल्या नाहीत. आता खंडेनवमीला झेंडूची माळ टिलरच्या मुठीला दिसते.

भाषेवरही हा बदल उमटला. इसाड, शिवळ, कासरा हे शब्द नातवंडांना शब्दकोशात पाहावे लागतात. त्यांच्या जागी क्लच, बेल्ट, रोटर, पीटीओ हे शब्द मराठी आणि कोंकणी दोन्ही बोलींत एकाच उच्चाराने नांदतात. दुभाषी मुलखात कोणता शब्द कोणाचा यावर वाद होतात, पण यंत्राच्या शब्दांवर मात्र कोणाचाच दावा नाही.

आकड्यांमागचे शेत

यंत्र विकत घेताना हाती एक चकचकीत पत्रक येते आणि त्यावर आकड्यांची रांग असते. अश्वशक्ती, वजन, गिअर, उचलक्षमता. आपल्याकडची माणसे बहुधा अश्वशक्ती आणि किंमत तेवढी वाचतात. खरे तर त्या रांगेतला प्रत्येक आकडा शेताविषयी काही सांगत असतो.

टिलर घेऊ. बारा-तेरा अश्वशक्तीचे एका सिलिंडरचे डिझेल इंजिन, चारशे-साडेचारशे किलो वजन आणि दोन फुटांच्या आसपास रुंदीची फिरती पाती. नांगराच्या सव्वीस-सत्तावीस किलोमीटरच्या जागी एकराला सात किलोमीटरांच्या आतली चाल. रबरी चाके काढून केज व्हील म्हणतात ती लोखंडी जाळीची चाके बसवली, की तो चिखलात तरतो. मेरेवरून तो दोघांच्या मदतीने पलीकडे नेता येतो. पण त्याच्यामागे चालावे लागतेच, आणि त्याची थरथर खांद्यापर्यंत पोचते. वळण्यासाठी दोन मुठींखाली दोन क्लच असतात. सपाटीवर डावा दाबला की यंत्र डावीकडे वळते. तीव्र उतारावर ते उलट, उजवीकडे जाते, कारण सुटे झालेले चाकच पुढे धावते. हे ज्याला कोणी सांगितले नाही तो पहिल्याच वर्षी मेरेखाली जातो.

वय झालेल्या शेतकऱ्याला हे झेपेना, म्हणून बसून चालवता येईल अशा लहान ट्रॅक्टरची मागणी आली. १९८०च्या दशकात व्हीएसटीने मित्सुबिशीच्या साहाय्याने साडेअठरा अश्वशक्तीचा तीन सिलिंडरचा ट्रॅक्टर आणला. २०१०च्या सुमारास महिंद्रचा युवराज २१५ आला, पंधरा अश्वशक्तीचा आणि एकाच सिलिंडरचा. मग कुबोटाचा एकवीस अश्वशक्तीचा निओस्टार, आणि २०२३मध्ये जपानी सहकार्याने घडवलेली महिंद्रची ओजा ही मालिका. ओजा हे नाव ओजस् या संस्कृत शब्दावरून घेतलेले.

पंधरा ते एकवीस अश्वशक्तीच्या वर्गातले यंत्र सहाशे ते आठशे किलोंच्या दरम्यान भरते, म्हणजे मोठ्या ट्रॅक्टरच्या निम्म्याहून कमी. चिखलासाठी पत्रकातला हा आकडा अश्वशक्तीच्याही आधी पाहावा. दुसरा आकडा वळणाच्या त्रिज्येचा. ब्रेक लावून अडीच मीटरांच्या आत वळणारे यंत्र अरुंद कुणग्याच्या टोकाला कोपरा शिल्लक ठेवत नाही. तिसरी गोष्ट चारही चाकांना गती आहे की मागच्या दोनच चाकांना. पुढची चाकेही ओढत असली तर यंत्र चिखलातून आणि मेरेवरून स्वतःला बाहेर काढते. दोनच चाकांचे असेल तर उंच मेर चढताना त्याचे नाक उचलले जाते आणि ते मागे उलटण्याचा धोका असतो. जाणते चालक अशा वेळी ते मागे-मागे घेत चढवतात. चौथा आकडा पीटीओचा. अवजाराला गती देणारा हा दांडा मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणून एका कंपनीच्या ट्रॅक्टरला दुसऱ्या कंपनीचा रोटावेटर चालतो. पाचवा उचलक्षमतेचा. साडेसातशे किलोंच्या आसपासची उचल तीन-चार फुटी रोटावेटरला पुरून उरते. शेवटी ब्रेक. तेलात बुडालेले ब्रेक असतील तर चिखलपाणी आत शिरत नाही. खाजनातल्या खाऱ्या पाण्यात चालणाऱ्या यंत्राला हा फरक दोन-तीन हंगामांतच जाणवतो.

हे आकडे कंपनीच्या शब्दावर घ्यायचे नसतात. मध्य प्रदेशातल्या बुदनी येथे १९५९पासून ट्रॅक्टरची सरकारी चाचणी होते. चाचणीचा अहवाल मागून पाहण्याचा हक्क गिऱ्हाइकाला आहे. पणजीत टोंक-करंझाळ्याच्या कृषी भवनात किंवा तालुक्याच्या कृषी कार्यालयात अनुदानाचा अर्ज करताना अमुक यंत्राची चाचणी झाली आहे का, हा प्रश्न अवश्य विचारावा.

यंत्र आले, माणूस गेला

लहान यंत्राने नांगरटीचा प्रश्न सोडवला. मग शेते पडीक का? कारण नांगरट हा शेतीचा एक भाग आहे. तरवा काढणे, लावणी, बेणणी, कापणी यांना माणसे लागतात, आणि डिचोलीतली माणसे खाणीवर, टिप्परवर आणि बार्जवर गेली होती. तिथला रोख पगार शेताच्या धान्याला भारी ठरला. त्याच वेळी खाणीच्या ढिगाऱ्यातली माती पावसात वाहून खालच्या कुणग्यांत बसली. शिरगावच्या लोकांनी पाणी आणि शेत वाचवण्यासाठी न्यायालयाची दारे ठोठावली. ज्या गावाने मोठ्या यंत्राचे पहिले कौतुक केले त्याच गावाला हे करावे लागले. लाल गाळाने भरलेल्या शेतात टिलर फिरतो, पण भात धरत नाही.

पुढे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१२मध्ये खाणी थांबवल्या, २०१४मध्ये अटींवर मोकळ्या केल्या आणि फेब्रुवारी २०१८मध्ये ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. टिप्पर दारात उभे राहिले आणि काही घरांना पुन्हा शेताची आठवण झाली. तेव्हा बैल नव्हते, जाणती माणसे थकली होती, आणि जे कुणगे पुन्हा हिरवे झाले ते भाड्याच्या टिलरमुळे आणि लहान ट्रॅक्टरमुळे. यंत्राचे हे श्रेय मान्य केले पाहिजे.

पेडण्याची गोष्ट निराळी. तिथे खाणींऐवजी दोन मोठ्या योजना आल्या. महाराष्ट्र आणि गोवा यांच्या १९९०च्या करारातून उभ्या राहिलेल्या तिळारी प्रकल्पाचे कालवे पेडणे, डिचोली आणि बार्देश तालुक्यांसाठी होते. जिथे एकच सरद होता तिथे वायंगण व्हावे हा उद्देश. दुसरीकडे मोपाचा विमानतळ डिसेंबर २०२२मध्ये पुरा झाला आणि जानेवारी २०२३मध्ये तिथून उड्डाणे सुरू झाली. पाणी पोचले आणि त्याच सुमारास जमिनीचा भावही चढला. भातशेतीची जमीन शेतकऱ्यालाच विकता यावी असा कायदा गोव्याने २०२३मध्ये केला, तो या पार्श्वभूमीवर. पण विकायची नसलेली जमीनही पडीक राहते, कारण एका उताऱ्यावर दहा-बारा वारसांची नावे असतात, त्यातले काही मुंबईत, काही आखातात, काही पोर्तुगालचा पासपोर्ट काढून इंग्लंडात. यंत्र भाड्याने बोलवायचे तर आधी कोणी विचारायचे, इथून सुरुवात. १९७६मध्ये हक्काने यंत्राला वाट करून दिली होती. आज त्याच हक्काच्या शेंड्या फुटून यंत्राची वाट अडली आहे.

यावर तोड जुन्या गावकरीच्या स्मरणातच आहे. बांध फुटला तर सगळा गाव धावे, कारण पाणी कोणाचा कुणगा कोणता हे पाहत नाही. यंत्रालाही तसेच आहे. लहान ट्रॅक्टर एका कुणग्यासाठी परवडत नाही, एका मळ्यासाठी परवडतो. मळ्यातल्या वीस घरांनी एकाच आठवड्यात नांगरट ठरवली, यंत्राला मळ्यात उतरायची एक वाट मेरेला उतार देऊन कायमची करून ठेवली, आणि परगावच्या भावंडांनी एका कागदावर कसणाऱ्याला संमती दिली, तर फार मोठ्या योजनेची गरज उरत नाही. मालकी जिची तिची राहते आणि मेरही जागेवर राहते.

डोंगराने कुणग्याचे माप शतकांपूर्वी ठरवले आणि यंत्राला त्या मापाचे व्हायला १९६०-७०चे दशक उजाडावे लागले. आता यंत्र मापाचे झाले आहे. या दिवाळीत भावंडे घरी जमतील, ताटात नव्या भाताचे पोहे येतील. ते कोणत्या कुणग्याचे, आणि पुढच्या ज्येष्ठात त्या कुणग्यात यंत्र कोणी उतरवायचे, एवढे एकदा सगळ्यांनी मिळून बोलून घ्यावे.